इमारती लाकूड व बांधकाम साहित्याचा व्यापार (पेठ तालुका)

इमारती लाकूड व बांधकाम साहित्याचा व्यापार हा महाराष्ट्रातील नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यातील एक जुना व्यवसाय आहे. हा व्यापार करणारा वखारदार सागवान व इतर इमारती लाकूड विकत घेतो, ते मोजून, प्रतवारी लावून साठवतो आणि सुतार, घरमालक किंवा मोठ्या शहरांतील व्यापाऱ्यांना विकतो. आज त्याच्या दुकानात लाकडापेक्षा सिमेंट, लोखंडी सळया, पत्रे व कौले यांचीच उलाढाल अधिक असते. पेठसारख्या आदिवासीबहुल व अनुसूचित क्षेत्रात मोडणाऱ्या तालुक्यात या व्यवसायाचे स्वरूप बाजारभावापेक्षाही एका कायदेशीर प्रश्नावर ठरत आले आहे: झाड कोणाचे, आणि ते कोणी कोणाकडून विकत घ्यावे.

शब्द

लाकडाच्या साठ्याच्या व विक्रीच्या जागेस मराठीत ‘वखार’ म्हणतात. इतिहासाच्या पुस्तकांत सुरतेच्या इंग्रजांच्या वखारीमुळे हा शब्द परिचित असला, तरी बोलीत तो आज मुख्यतः लाकडाशी जोडलेला आहे. लाकूड चिरण्याच्या यंत्रास ‘आरा गिरणी’ किंवा ‘सॉ मिल’, न चिरलेल्या लाकडास ‘गोल माल’ व चिरलेल्यास ‘चिरीव’ किंवा ‘कापीव माल’ असे म्हटले जाते. उभे झाड न मोजता एकरकमी ठरवून घेण्यास ‘उक्ते घेणे’ म्हणतात. पुढे आलेल्या कायद्यांचा रोख मुख्यतः याच प्रकारच्या सौद्यावर आहे.

प्रदेश

पेठ गाव नाशिक शहराच्या वायव्येस सुमारे ५५ किलोमीटरवर, नाशिकहून गुजरातमधील कापराड्याकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. वाटेत सावळ घाट व कोटंबी घाट लागतात. तालुका डोंगराळ असून पाऊस भरपूर पडतो. कोकणा, महादेव कोळी व वारली या येथील प्रमुख जमाती आहेत, तर नागली, वरई व भात ही मुख्य पिके आहेत. जंगल पानझडी असून त्यात साग, ऐन, खैर, शिसव, हळदू (हेद), तिवस, बिबळा, धावडा, मोह व हिरडा ही झाडे आढळतात. येथील पारंपरिक घरही याच जंगलातून उभे राहत असे. मेढी सागाच्या किंवा ऐनाच्या, भिंती कारवीच्या कुडावर माती-शेण लिंपलेल्या आणि वर गवताचे किंवा कौलांचे छप्पर अशी त्याची रचना होती. त्यामुळे गावातील घरबांधणीसाठी लाकूड विकत घेण्याची प्रथा येथे उशिरा रुजली. लाकडाचा व्यापार प्रामुख्याने बाहेरच्या बाजारासाठीच होता.

इतिहास

पेठ (जुन्या इंग्रजी कागदपत्रांत ‘पेंट’) हे १८७८ पर्यंत एक लहान संस्थान होते. त्या वर्षी तेथील बेगमच्या निधनानंतर ते ब्रिटिश अंमलाखाली येऊन नाशिक जिल्ह्याचा भाग झाले. योगायोग असा की, भारतीय वन अधिनियमही त्याच वर्षी, १८७८ मध्येच आला. त्याद्वारे राखीव व संरक्षित वने ठरवून त्यांतील लाकडावर शासनाचा हक्क प्रस्थापित करण्यात आला. पेठचे जंगल संस्थानाच्या व्यवस्थेतून थेट वन खात्याच्या चौकटीत आले.

या पट्ट्यातील सागावर त्याआधीपासूनच बाहेरची नजर होती. शेजारच्या डांग प्रदेशातील भिल्ल राजांकडून ब्रिटिशांनी १८४० च्या दशकात जंगलांचे पट्टे घेतले. मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली जात आणि त्यासाठी पश्चिम किनाऱ्यावरील व त्यामागील डोंगरांतील सागाला मोठी मागणी होती. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाल्यावर स्लीपर व इंधन यांचीही मागणी वाढली. १९१३ च्या सुमारास बडोदे संस्थानाने बिलीमोरा ते वघई हा अरुंद मापाचा रेल्वेमार्ग सुरू केला, त्याने डांगचे लाकूड किनाऱ्याकडे उतरू लागले. पेठला रेल्वे कधीच आली नाही. येथील लाकूड बैलगाडीने व पुढे ट्रकने घाट चढून नाशिककडे किंवा उतरून गुजरातकडे जात राहिले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सरकारी जंगलांतील कूप तोडण्याचे ठेके लिलावाने दिले जात. ठेकेदार बाहेरचा व मजूर आदिवासी ही व्यवस्था होती. उचल देऊन मजूर बांधून ठेवणे, मजुरी धान्यात किंवा अपुरी देणे, हिशोब मजुराला न समजेल असा ठेवणे या गोष्टी मुंबई प्रांतातील सर्वच वनपट्ट्यांत बोकाळल्या होत्या. १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली जी क्षेत्रे ‘अंशतः वगळलेली’ म्हणून जाहीर झाली, त्यांत नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुका व पेठ यांचा समावेश होता. या क्षेत्रांतील आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्याचे काम मुंबई सरकारने १९३० च्या दशकाच्या अखेरीस डी. सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे सोपवले. सावकार, जमीनदार आणि जंगल ठेकेदार यांच्याकडून होणारी पिळवणूक त्यांच्या अहवालात नोंदवली गेली. लगतच्या ठाणे जिल्ह्यात १९४५ पासून सुरू झालेल्या वारली आंदोलनातही वेठबिगारीबरोबर गवतकापणी व झाडतोडीच्या मजुरीचा प्रश्न अग्रभागी होता.

बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९४७ च्या सुमारास, ठेकेदाराला वगळून कूप थेट आदिवासी मजुरांच्या सहकारी संस्थांना देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. ‘जंगल कामगार सहकारी संस्था’ या नावाने अशा संस्था ठाणे, नाशिक, पश्चिम खानदेश आदी जिल्ह्यांत स्थापन झाल्या. त्यामुळे व्यापाऱ्याची जागा बदलली. पूर्वी तो किंवा त्याचा भागीदार जंगलात तोड करवत असे. आता तोड संस्थेने करायची आणि व्यापाऱ्याने तोडलेला, रचलेला माल लिलावात घ्यायचा, अशी विभागणी झाली. १९७४ मध्ये महाराष्ट्र वनविकास महामंडळ स्थापन झाले, १९८० मध्ये वन (संवर्धन) अधिनियम आला आणि १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने महसुलापेक्षा पर्यावरणीय स्थैर्याला अग्रक्रम दिला. नैसर्गिक जंगलातील तोड त्यानंतर उत्तरोत्तर आकसत गेली व कूपांवर जगणाऱ्या संस्थांनाही त्याचा फटका बसला.

मालकी झाडे आणि १९६९ चा कायदा

सरकारी जंगलाखेरीज इमारती लाकडाचा दुसरा स्रोत म्हणजे शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवरील झाडे. यांना ‘मालकी झाडे’ व त्यांच्या तोडीच्या अर्जांना ‘मालकी प्रकरणे’ म्हणतात. ब्रिटिश काळात जमीन रयतेची असली, तरी साग, शिसव व चंदन यांसारखी मोलाची झाडे अनेक ठिकाणी सरकारने राखून ठेवली होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५ नुसार वहिवाटीच्या जमिनीवरील झाडांचा हक्क सर्वसाधारणपणे जमीनधारकाकडे असतो.

हक्क मिळाला, तरी भाव मिळेलच असे नव्हते. बांधावरचे सागाचे झाड किती घनफुटांचे, त्यात गाभा किती, नाशिकच्या वखारीत त्याला काय दर चालतो, हे ज्याला ठाऊक तो घेणारा आणि ज्याला ठाऊक नाही तो विकणारा, अशी सौद्याची विषम रचना होती. त्यातच विक्री बहुधा अडचणीच्या वेळी होई. लग्न, आजारपण किंवा पावसाळ्यातील धान्यटंचाई आली की झाडे उक्ती दिली जात आणि उचलीत वळती केली जात. हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नव्हता. बस्तरमध्ये १९९० च्या दशकात गाजलेले ‘मालिक मकबूजा’ प्रकरण आदिवासींच्या मालकीच्या सागाच्या अशाच खरेदीतून उद्भवले होते.

महाराष्ट्रात यावर उपाय म्हणून अनुसूचित जमातींच्या भोगवटादारांकडून होणाऱ्या वृक्षविक्रीसंबंधी १९६९ मध्ये अधिनियम करण्यात आला. त्यानुसार आदिवासी खातेदाराला आपल्या जमिनीवरील झाडे थेट व्यापाऱ्याला विकता येत नाहीत. विक्री जिल्हाधिकाऱ्यांच्या मार्फत करावी लागते. खातेदार अर्ज करतो. सातबारा उतारा व नकाशा पाहिला जातो. शेताची हद्द वनाच्या हद्दीला लागून असल्यास मोजणी होते, कारण झाड शेतातले की जंगलातले हा वाद पुढे सर्वांनाच महागात पडतो. त्यानंतर झाडांची गणना होऊन त्यांवर शिक्के मारले जातात. वन विभाग तोड करवून माल विक्री आगारात नेतो, लिलाव होतो आणि तोडणी, वाहतूक व अनुषंगिक खर्च वजा जाता उरलेली रक्कम खातेदाराला दिली जाते.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने या कायद्याने झाडाखालचा सौदा संपवला आणि त्याला आगाराच्या आवारात आणून उभे केले. तेथे तो इतर बोली लावणाऱ्यांपैकी एक असतो. माल आधीच मोजलेला व प्रतवारी लावलेला असतो आणि त्याचा भाव उघडपणे ठरतो. खातेदाराच्या दृष्टीने भाव सुधारला, परंतु पैसा लांबला. अर्जापासून रक्कम हाती पडेपर्यंत अनेक कार्यालयांच्या पायऱ्या चढाव्या लागतात आणि ज्या अडचणीसाठी झाड विकायचे ती अडचण थांबून राहत नाही. चोरट्या व्यवहाराला वाव मिळतो तो या दोन गोष्टींमधील अंतरात. आज रोख देणारा, पण निम्म्याहून कमी भाव देणारा गिऱ्हाईक अशा वेळी रात्री दाराशी येतो. संरक्षणाचा कायदा जितका सावकाश चालतो, तितकी ज्याच्यापासून संरक्षण करायचे त्याची बाजू भक्कम होते. १९६९ च्या कायद्याविषयीच्या चर्चेत हा मुद्दा अनेकदा दुर्लक्षित राहतो.

बिगर आदिवासी खातेदारांना हा कायदा लागू नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ आहे. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, हळदू, बिबळा, तिवस, मोह, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ, चिंच आदी वृक्षांचा समावेश असून ते तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आवश्यक असते. वनहक्क अधिनियम, २००६ खाली मिळालेल्या दाव्यांच्या जमिनींची स्थिती याहून वेगळी आहे. त्या कायद्यातील ‘गौण वनोपजा’त बांबू, मध, डिंक, मोहफुले येतात, पण इमारती लाकूड येत नाही.

मोजमाप

लाकडाच्या व्यापारातील नफा-तोटा दराइतकाच मोजणीवर अवलंबून असतो. गोल ओंडक्याची मोजणी परंपरेने ‘चौथाई घेर’ पद्धतीने होते. ओंडक्याच्या मध्यभागी सुतळी किंवा फीत गुंडाळून घेर घेतात, त्याचा चौथा हिस्सा काढून त्याचा वर्ग करतात आणि त्याला लांबीने गुणतात. उदाहरणार्थ, घेर ४ फूट व लांबी १० फूट असेल, तर चौथाई घेर १ फूट व माल १० घनफूट भरतो. प्रत्यक्षात अशा वर्तुळाकार ओंडक्याचे घनफळ सुमारे १२.७ घनफूट असते. म्हणजे या पद्धतीत खऱ्या घनफळाच्या साधारण ७८.५ टक्केच मोजले जाते. चिरताना साल, कडा व भुसा यांत जाणारी घट आधीच सोडून देण्याची ही सोय इंग्लंडमध्ये हॉपस या गणकाच्या कोष्टकांमुळे रूढ झाली व तेथून भारतात आली. फसवणूक पद्धतीत नसते. एकाने खऱ्या घनफळाचा दर सांगितला आणि दुसऱ्याने चौथाई घेराने मोजले, तर मात्र शंभर घनफुटांमागे एकवीस-बावीस घनफूट माल हिशोबाबाहेर राहतो. सरकारी आगारात घनमीटर हे एकक वापरतात (१ घनमीटर = सुमारे ३५.३ घनफूट), तर वखारीत आजही घनफूटच चालतो. त्यामुळे लिलावातील दर मनातल्या मनात फिरवून घेणे हे वखारदाराचे नित्याचे गणित असते.

चिरीव मालाचा हिशोब सरळ आहे. लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत घेऊन त्यांच्या गुणाकाराला १४४ ने भागतात. दाराच्या चौकटीसाठी ५ इंच × ३ इंच मापाचे ७ फुटांचे दोन उभे व साडेतीन फुटांचा एक आडवा असा एकूण १७.५ फूट माल लागला, तर तो सुमारे १.८२ घनफूट होतो. गोल मालातून प्रत्यक्ष चिरीव माल निम्म्याच्या आगेमागेच निघतो. ओंडका वाकडा, गाठाळ किंवा आतून पोकळ असेल तर आणखी कमी. म्हणून ओंडक्याच्या दोन्ही तोंडांवरील चिरा पाहणे, कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून आवाज ऐकणे, पांढऱ्या रसकाष्ठाच्या कड्याची जाडी पाहून आतील मध्यकाष्ठाचा (वखारीच्या भाषेत ‘गाभ्या’चा) अंदाज बांधणे ही कौशल्ये या व्यवसायात अनुभवानेच येतात. सागाचा टिकाऊपणा गाभ्यात असतो. रसकाष्ठाला वाळवी व भुंगेरे लवकर लागतात.

पास, शिक्का आणि गिरणी

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ४१ खालील नियमांनुसार इमारती लाकडाच्या वाहतुकीस पास लागतो. पासावर मालाचे वर्णन व माप, कोठून कोठे जाणार आणि मुदत यांची नोंद असते आणि ओंडक्यांवर हातोड्याने उमटवलेला शिक्का त्याच्याशी जुळावा लागतो. याच अधिनियमाचे कलम ६९ व्यापाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत कठोर आहे. वनोपज कोणाचे असा प्रश्न उद्भवल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत ते शासनाचे आहे असे गृहीत धरले जाते. साहजिकच पास हरवलेला ओंडका वखारीत कितीही वर्षे पडून असला, तरी तो जोखमीचाच असतो. पेठ हा गुजरातच्या सीमेवरचा तालुका असल्याने सागाची व विशेषतः कातासाठी लागणाऱ्या खैराची चोरटी वाहतूक हा येथील कायमचा प्रश्न आहे. पकडलेल्या मालाबरोबर वाहनही जप्त होऊ शकते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने देशभरासाठी ऑनलाइन पास देण्याची राष्ट्रीय प्रणाली सुरू केली.

आरा गिरण्यांवर बंधने आली ती टी. एन. गोदावर्मन थिरुमलपाद खटल्यामुळे. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशानंतर मंजूर कार्य आयोजनेखेरीज वनातील तोड थांबली आणि पुढील आदेशांनी नव्या गिरण्यांनाही परवानगीची अट लागू झाली. २०१६ पासून हे अधिकार राज्यस्तरीय समित्यांकडे आहेत. नवी गिरणी वनाच्या हद्दीपासून दूर असावी, हे या नियमनाचे एक सूत्र असल्याने चहूबाजूंनी वनाने वेढलेल्या पेठमध्ये तिला वाव फारच थोडा उरतो.

स्थानिक पुरवठा घटल्यावर महाराष्ट्रातील वखारींनी आयात लाकडाचा आधार घेतला. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केल्यानंतर आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील लागवडीच्या सागाचे प्रमाण वाढले. हा माल मोठ्या प्रमाणावर कांडला बंदरात उतरतो व गांधीधामच्या गिरण्यांत चिरला जातो. राज्यातील लाकूड व्यापारात कच्छी कडवा पाटीदार समाजाचे व्यापारी मोठ्या संख्येने आहेत. सागाच्या जंगलापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या घराची चौकट समुद्रापलीकडच्या लाकडाची असावी, ही परिस्थिती आता अपवादात्मक राहिलेली नाही. जुन्या वाड्यांच्या पाडकामातून निघणाऱ्या सागालाही चांगली मागणी असते, कारण ते पूर्ण वाळलेले व गाभ्याचे असते.

बांधकाम साहित्य व उधारी

पेठमधील घरबांधणी बदलण्यास घरकुल योजना मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरल्या. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्यात किमान २५ चौरस मीटरच्या घरासाठी सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये व डोंगराळ प्रदेशात १,३०,००० रुपये साहाय्य ठरवण्यात आले. अनुसूचित जमातींसाठी राज्याची शबरी आदिवासी घरकुल योजनाही आहे. साहाय्य बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांत मिळते आणि पुढचा हप्ता मिळण्यासाठी आधीचा टप्पा पूर्ण दिसावा लागतो. तो पूर्ण करण्यासाठी लागणारे सिमेंट व सळया दुकानदाराकडून उधारीवर येतात. पूर्वी झाडावर उचल देणारा व्यापारी आता हप्त्यावर उधारी देतो. फरक असा की, आता येणे व्यापाऱ्याचे असते आणि हप्ता रखडला की त्याचाही पैसा अडकतो.

दुकानदाराचे वर्ष पावसाने आखलेले असते. दिवाळीनंतर कामे सुरू होतात, एप्रिल-मेमध्ये पत्रे, कौले, रिपा व ताडपत्री यांची विक्री शिगेला पोहोचते आणि जूनपासून बांधकाम जवळजवळ थांबते. पेठच्या दमट हवेत पावसाळ्यात सिमेंट सांभाळणे हे जिकिरीचे काम असते. ५० किलोच्या गोण्या जमिनीला व भिंतीला टेकू न देता फळ्यांवर रचाव्या लागतात, थर दहापेक्षा उंच नेत नाहीत आणि तीन महिन्यांहून जुना माल तपासल्याशिवाय वापरणे योग्य समजले जात नाही. सळई दुकानदार वजनाने घेतो, तर लहान गिऱ्हाईक नगाने मागते. व्यासाच्या (मिलिमीटरमधील) वर्गाला १६२ ने भागले की मीटरमागे किलो वजन मिळते. ८ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई सुमारे ४.७ किलो भरली पाहिजे. त्याहून बरीच हलकी भरली, तर तिचा व्यास कमी आहे असे समजावे.

बांबू

बांबू हा या व्यापारातील तुलनेने मोकळा झालेला भाग आहे. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन बांबू ‘वृक्षा’च्या व्याख्येतून वगळण्यात आला. त्यामुळे वनाबाहेरील जमिनीवर लावलेला बांबू वृक्ष म्हणून असलेल्या निर्बंधांतून सुटला. वनातील बांबूवर ग्रामसभांचा हक्क वनहक्क अधिनियमाने व अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने मान्य केला आहे. हे क्षेत्र पेसाखाली येत असल्याने येथे बांबू विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला ग्रामसभेशी बोलणी करावी लागतात.